एका चुलीचे दोन भोपळे

आधीच सांगून ठेवते, हे कोणाला खरं वाटणार नाही. मला स्वतःलाही वाटलं नसतं, पण मी तिथे होते. आणि मी जिथे असते तिथे घडतं ते खरंच असतं. आमच्या परसात एका वेलाला दोन भोपळे धरले आणि त्या भोपळ्यांनी आमचं घर उभं चिरलं. विळ्यानं भोपळा चिरतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. भोपळ्यानं घर चिरलेलं फक्त आम्ही पाहिलं.

"केवढे होते हो, आत्याआजी?" नव्या सुनेनं विचारलं.

नवी सून म्हणजे माझ्या धाकट्या वहिनीच्या नातवाची बायको. गावच्या प्रदर्शनासाठी ती कांद्यांच्या माना दोऱ्यानं बांधत होती, आणि या घरातलं तिचं पहिलंच प्रदर्शन असल्यामुळे कांद्यांचा गळा आवळत होती.

"थोरल्या वहिनीचा एवढा, की त्याच्या सावलीत मांजर व्यालं. पिल्लांनी डोळे उघडले तरी ऊन म्हणजे काय ते त्यांना बरेच दिवस कळलं नाही."

"आणि आमच्या आजींचा?"

"त्याहून लहान, पण गोल. इतका गोल, की त्याला कुठून बघायला सुरुवात करावी तेच समजायचं नाही. पाहुणे भोवती फिरत राहायचे."

माझ्या दोन्ही भावजया तिथेच बसल्या होत्या. थोरली ओल्या फडक्यानं गाजरं पुसत होती, धाकटी वाटाण्याच्या सारख्या लांबीच्या शेंगा निवडून बशीत लावत होती. दोघींनी मान वर केली नाही. गोष्ट आपल्यावरची असली की माणसाचं हातातल्या कामात फार मन लागतं.

बक्षीस कोणाला मिळालं ते आत्ताच सांगून टाकते. न्हाव्याला. त्याचा भोपळा काही विशेष नव्हता, पण वेळेवर पोचला. तेव्हा बक्षिसाची काळजी सोडा. ही गोष्ट घराची आहे, म्हणजे ते एक राहिलं की दोन झालं, याची.

त्या वर्षी प्रदर्शनाचं सगळं बेकरीवाल्याकडे होतं. पावाचं पीठ भिजवताना सुद्धा हा माणूस त्याला नियम समजावून सांगत असावा, म्हणून गाव त्याला कायदेबुवा म्हणायचं. त्यानं एक नवा नियम काढला. आदल्या वर्षी एकाच कुटुंबानं, सासू, सुना, मुलं, जावई अशा सगळ्यांच्या नावानं मुळे मांडून मुळ्यांची सगळी बक्षिसं घरी नेली होती. म्हणून बेकरीच्या दारावर पाटी लागली: एका चुलीची एका गटात एकच नोंद.

पाटी वाचून धाकटा भाऊ घरी आला. तो टपालवाला, गावातली प्रत्येक बातमी आधी त्याच्या तोंडातून जायची आणि मग त्याच्या थैलीतून. स्वयंपाकघरात येऊन त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "एक भोपळा बसला घरी."

"कोणाचा?" दोन्ही वहिन्यांनी एकदम विचारलं.

तिथेच सगळं कळलं. इतके महिने दोघी म्हणत होत्या, आपला वेल, आपले भोपळे. वेल दोघींनी मिळून लावला होता. पण सकाळी लवकर उठून थोरली तिच्या भोपळ्याच्या देठाला दुधात भिजवलेली वात लावायची, आणि ती आत वळली की धाकटी तिच्या भोपळ्याखालचं गवत बदलायची, त्याला चपटा डाग पडू नये म्हणून. दोघींना वाटायचं दुसरीला माहीत नाही. माहीत नव्हतं ते फक्त त्यांच्या नवऱ्यांना.

"मोठा आहे तो जाईल," थोरली म्हणाली. "यात विचारायचं काय?"

"परीक्षक वजन नाही बघत ताई, आकार बघतात," धाकटी म्हणाली. "नाहीतर हत्तीला सुंदरीचं बक्षीस दिलं असतं."

"हत्ती म्हणतेस माझ्या भोपळ्याला?"

"भोपळ्याला कोण म्हणतंय?"

आता खरी गंमत बघा. थोरला भाऊ, आमचा दादा, सुतार होता. त्यानं डोळा बारीक करून खिडकीतून परसात पाहिलं आणि म्हणाला, "गोलाई मात्र धाकटीच्या भोपळ्याची. परकारानं काढल्यासारखी आहे." त्या दुपारी थोरलीनं त्याच्या ताटात बटाट्याची सालं वाढली असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल आत्या फेकते, म्हणून मी ते म्हणतच नाही. आणि धाकटा? तो थोरलीच्या हातचं खाऊन वाढलेला. लग्नाआधीपासून त्याची पहिली वाटी थोरली वहिनीच भरायची. तो म्हणाला, "मोठं ते मोठं. वहिनींचाच गेला पाहिजे." म्हणजे दोन्ही नवरे दुसऱ्याच्या बायकोच्या बाजूनं. त्या संध्याकाळी घरात चार माणसांचे चार पक्ष झाले, आणि पाचवी मी, प्रत्येकाला गुपचूप सांगत होते की माझं मत तुम्हालाच.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. धाकट्यानं तो शब्द काढला नसता तर.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला. "नियम चुलीचा आहे ना? मग आपण वेगळी चूल मांडू!"

तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही. आमच्या आईनं उभ्या आयुष्यात हे दोन शब्द या घरात उच्चारू दिले नव्हते. भांडा, अबोला धरा, ताटं आपटा, पण हे दोन शब्द नाहीत. धाकट्यानं ते असे टाकले, जसं पाकीट चुकीच्या दारात.

थोरली पदराला हात पुसत म्हणाली, "प्रदर्शनापुरती, असंच ना?"

"प्रदर्शनापुरतीच," धाकटी म्हणाली. "नंतर लगेच एक."

"लगेच."

कोळशाच्या खोलीत एक जुनी लोखंडी चूल पडली होती. ती झाडून पुसून स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला मांडली. कायदेबुवा तपासायला आला. त्याच्या कपड्यांवर पीठ आणि चेहऱ्यावर न्याय. त्यानं दोन्ही चुलींवरची झाकणं उचलून पाहिली, दोन्हींतलं चाखलं, थोरलीच्या पातेल्यातलं पुन्हा एकदा चाखलं आणि म्हणाला, "चुली दोन आहेत. पण खोली एक आहे. एका खोलीत दोन चुली म्हणजे एकच मोठी चूल. मध्ये काहीतरी पाहिजे."

"पडदा लावतो," धाकटा म्हणाला.

"पडदा वाऱ्यानं हलतो. वेगळं झालेलं घर हलत नाही."

तेव्हा दादाला फळ्यांची आडभिंत घालावी लागली. सगळ्यांनी त्याला बजावून सांगितलं, की बाबा रे, चार फळ्या उभ्या कर, खिळे ठोक, आणि आठवड्यानं उपट. दादा हो म्हणाला. पण दादाला खोटं काम यायचं नाही. बोलण्यात तो माझ्याएवढाच खोटारडा होता, माझाच भाऊ, पण रंधा हातात घेतला की त्याच्यानं खोटं होईना. त्यानं फळीला फळी खाचेत अशी बसवली की मधून प्रकाशाची रेघ येईना. एकही खिळा नाही, सगळे सांधे. खाली जमिनीत रुतवली, वर तुळईत. कडेला गोलाई दिली. मग तेल पाजलं. तिच्याकडे पाहून वाटायचं, घर नंतर झालं, आधी ही होती.

"अरे, काढायची आहे ना ही?" मी विचारलं.

"काढायची आहे," तो हात फिरवत म्हणाला. "म्हणून काय वाकडी करू?"

फळीच्या पलीकडे धाकटीनं पहिल्या दिवशी काय केलं ते मला कोणी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. तिनं लसूण सोलला. नुसता सोलला नाही, सोलतच राहिली. थोरलीला लसणाचा वास चालायचा नाही, म्हणून लग्न होऊन आल्यापासून धाकटीनं तो कधी मनासारखा घातला नव्हता, आणि मनासारखा म्हणजे किती तेही ती विसरली होती. तिनं मूठभर टाकला. चर्र झालं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटून, आणि तिला वाटलं, हे पाप असलं तर फार चवदार आहे. मग तिला वाईट वाटलं. मग तिनं आणखी थोडा टाकला.

अलीकडे थोरली बटाटे कापत होती. कापून झाल्यावर तिनं पातेल्यात पाहिलं, तर सगळ्या घराचे झाले होते. तिच्या हाताला कमी येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून थोडे घेतले, तरी तेवढेच. आता ते खाणार कोण? नवरा एकटा. पलीकडून झाकणाचा आवाज आला, धाकटी हसली, तिचा लहान मुलगा काहीतरी बोलला. आपल्या चुलीजवळ असं हसायला यांना कोणी बंदी केली होती का, असं तिच्या मनात आलं. आणि उत्तर नको म्हणून तिनं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

पलीकडे धाकटी म्हणाली, "आपटलं बघ मुद्दाम."

ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

माझी मात्र चंगळ. मी कोणत्या चुलीची हे कोणी ठरवलंच नव्हतं. नणंद ही घरात असते तशी. धरायची कुठे ते कोणाला कळत नाही. मी अलीकडे जेवायचे, वळसा घालून पलीकडे जायचे आणि पुन्हा जेवायचे. त्या आठवड्यात मी एवढी जाड झाले की दाराच्या चौकटीनं मला ओळख दाखवणं सोडलं. पण अन्नाबरोबर निरोपही पोटात जायचे.

"तिला सांगा, मिठाची बरणी माझ्याकडे राहिली आहे, हवी तर घेऊन जा म्हणावं," थोरली म्हणायची.

मी पलीकडे जाऊन सांगायचे. धाकटी म्हणायची, "त्यांना सांगा, मी नवीन आणली."

"त्यांना म्हणजे कोणाला? ताई म्हणायचीस ना?"

"तेच ते."

मोठं पातेलं कोणाचं, यावर दोन दिवस गेले. ते आईचं होतं आणि एकच होतं. पातेल्याला फळी घालता येत नाही. शेवटी ते कोणीच वापरेना. ते माझ्या खोलीत आलं आणि मी त्यात लोकरीचे गुंडे ठेवले.

भावांचं तरी काय चाललं होतं? दादा रात्री जेवण झालं की फळीवर बोटानं टकटक करायचा. पलीकडून धाकटा टकटक करायचा. हे बोलणं नव्हतं, कारण बोलायला दोघांना लाज वाटायची. दादा वाजवून बघत होता, फळी भरीव वाजते का. धाकटा वाजवून सांगत होता, की वाजते. मग दोघं आपापल्या बायकोकडे बघून खोकायचे.

आणि मग प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी पलीकडे बसले असताना धाकटी त्या फळीवरून हात फिरवत म्हणाली, "उद्या संपलं तरी लगेच काढायची घाई नको. बरी दिसते. भांडी टांगायलाही होते."

फळी भरीव होती, पण आमच्या थोरलीचे कान तिच्याहून तिखट. अलीकडून आवाज आला, "राहू दे की. मला कुठे अडचण आहे."

झालं. 'प्रदर्शनापुरती' हा शब्द त्या क्षणी घरातून उठून गेला. वर कोणी पाणी सुद्धा विचारलं नाही त्याला. मी धाकटीच्या लसूण घातलेल्या भाजीची वाटी घेऊन बसले होते, ती पहिल्यांदाच न संपवता खाली ठेवली. म्हटलं, गेलं. आता उद्या भोपळे जातील, परवा परत येतील, आणि फळी राहील. मग पुढच्या वर्षी फळीला दार लागेल, आणि दाराला आतून कडी.

"मग, आत्याआजी?" नवी सून म्हणाली. तिच्या हातातला कांदा आता पुरता गुदमरला होता.

"मग उजाडलं. आणि भोपळ्यांनी लाज राखली."

सकाळी कायदेबुवा हातगाडी घेऊन दाराशी हजर. दादा आणि धाकटा परसात गेले. थोरलीचा भोपळा त्यांनी पोत्यावर घेतला, दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि मागच्या दारातून आत आणला. मागचं दार उघडतं स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातून वळायचं पुढच्या खोलीत, तिथून रस्त्यावर. दुसरी वाट नाही. परसाला उंच भिंत आणि भिंतीमागे ओढा. रोजची वाट. या वाटेनं आमच्याकडे कपाट आलं, पलंग आला, मीही बऱ्याचदा रुसून गेले आणि परत आले.

भोपळा वळेना.

"डावीकडे घे," दादा म्हणाला.

"डावीकडे फळी आहे."

"मग उजवीकडे."

"उजवीकडे चूल आहे. वहिनींची."

"तिरका कर."

"गोल आहे दादा! तिरका केला तरी गोलच!"

त्यांनी तो खाली ठेवला आणि धाकटीचा आणून पाहिला. तो लहान होता, पण एवढाही नाही. तोही तिथेच अडला, अगदी सुबकपणे.

कायदेबुवा दारातून पाहत होता. "मोजलं नव्हतं का?" त्यानं विचारलं. "सुतार ना तुम्ही?"

दादानं टोपी मागे सारली. "भिंत मोजली," तो म्हणाला. "फळी मोजली. खिडकीचा उजेड मोजला."

"आणि भोपळा?"

"भोपळा," दादा फार हळू म्हणाला, "आमच्या धंद्यात येत नाही."

धाकटा मटकन जमिनीवर बसला आणि हसायला लागला. मग थांबला, कारण त्यालाही हिशेब कळला. कायदेबुवानं तो सगळ्यांसाठी मोठ्यानं सांगितला. "फळी काढलीत, तर चूल एक. मग भोपळा एक. फळी ठेवलीत, तर चुली दोन आणि भोपळे दोन. पण ते इथेच."

"म्हणजे दोन नेता येतात," धाकटा म्हणाला, "फक्त नेता येत नाहीत."

"नियम मी केला नाही," कायदेबुवा म्हणाला. मग त्याला आठवलं की त्यानंच केला होता, आणि तो गाडीच्या चाकाकडे बघायला लागला.

दादानं करवत आणली. खिळे नव्हतेच, की उपटून पुन्हा ठोकता येतील. सांधे होते. काढायची म्हणजे कापायची, आणि कापलेली फळी पुन्हा उभी राहत नाही. त्यानं करवतीचे दात फळीच्या कडेला टेकवले, त्यानंच दिलेल्या गोलाईवर, आणि थांबला.

"दोघींनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "ठेवायची तर ठेवू. भोपळे कापून खाऊ, ज्याचा त्यानं आपापल्या चुलीवर. कापायची तर एक भोपळा मागे राहील. कोणाचा, ते मी सांगणार नाही. मी एकदा बोललो, त्याचं फळ अजून ताटात येतंय."

अलीकडे थोरली, चुलीजवळ. पलीकडे धाकटी, तिच्या चुलीजवळ. मध्ये दादाची ती घडीव फळी. कोणी बोलेना. बोलणार ती हरणार, हे दोघींना ठाऊक होतं. भोपळा जाणार आणि वर तोंडही जाणार. पलीकडच्या चुलीवर काहीतरी करपायला लागलं, तरी तिकडून भांडं उचलल्याचा आवाज आला नाही. मी दोघींची नणंद, पण मलाही त्या वेळी एक शब्द सुचला नाही, आणि हे मात्र तुम्ही अजिबात खरं मानू नका असं मीच सांगते.

"मग बोललं कोण?" नवी सून पुढे सरकली. "आधी कोण बोललं?"

"कोण म्हणजे? मोठेपण कोणाकडे असतं?" मी म्हणाले. "थोरली वहिनी उठली. पुढच्या खोलीतून वळसा घालून फळीच्या पलीकडे गेली. सारं घर बघत राहिलं. धाकटीचं करपलेलं भांडं तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं, आणि म्हणाली, 'अगं, तुझाच भोपळा जाऊ दे. माझ्याकडे बटाटे फार होताहेत, तू चल इकडे.' आणि मग दादाला म्हणाली, 'अहो, लावा करवत.' अशी बाई! असं मन! त्या क्षणी परसातला तो वेल सुद्धा लवून..."

थोरली वहिनी पुसलेलं गाजर उजेडात धरून मान डोलवत होती. "गेले होते बाई," ती म्हणाली. "अगदी तशीच गेले होते."

"साफ खोटं!"

वाटाण्याच्या शेंगांची बशी खणकन खाली आली. धाकटी वहिनी उभी राहिली होती. नवी सून दचकून दोरा सोडून बसली.

"मांजर व्यालं म्हणालात, ऐकून घेतलं," धाकटी मला म्हणाली. "चौकटीनं ओळख सोडली म्हणालात, तेही ऐकलं. पण हे नाही. आणि ताई, तुम्ही माना काय डोलवताय? जागच्या हलल्या नव्हतात तुम्ही! चुलीकडे तोंड करून बसल्या होतात, माझ्याकडे पाठ करून, आणि रडत होतात. वळसा घालून मी आले होते, 'लावा करवत' मी म्हणाले होते."